सातव्या ओळीतलं वय

२९ जून

गिहो,

तुझं रजिस्टर पत्र पोचलं. पोस्टमन म्हणाला, आजी, सही करा, कोर्टाचं काहीतरी दिसतंय. केली सही. पाकीट फोडलं तर आत तू. दोन वर्षांनी नातवाचं पत्र येतं आणि वर छापलेलं असतं, 'विषय : साक्षीबाबत विनंती'. तुझा बाप लष्करातून पत्र पाठवायचा तेव्हा आधी विचारायचा, आई जेवलीस का.

जेवले. काकडीचं थंड सार आणि कालचा भात.

माझ्या अक्षराला हसू नकोस. म्हाताऱ्यांच्या खोलीत आठवड्यातून दोनदा एक पोरगी शिकवायला येते. मी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिच्यापुढे बसले. एरवी मी लिहिते ते ती लाल पेनाने तपासते, पण हे पत्र तिला दाखवणार नाही. चुका तशाच येतील.

काल त्या खोलीत टीव्हीवर सांगत होते की आजपासून सगळ्या देशाचं वय नव्या पद्धतीने मोजायचं. जन्मल्या जन्मल्या एक आणि नवं वर्ष लागलं की आणखी एक, ते सगळं बंद. पूर्ण झाली तेवढीच वर्षं धरायची. म्हणजे परवापर्यंत मी सत्त्याऐंशीची होते, आता शहाऐंशी. शेजारच्या पिल्नामने टाळ्या वाजवल्या. म्हणाली, "बुनी, एक वर्ष फुकट मिळालं. काय करशील त्याचं?" मी उठून टीव्ही बंद केला. सगळ्या ओरडल्या माझ्यावर. मी चपला घालून घरी आले.

आता तुझे प्रश्न. तू त्यांना एक, दोन, तीन असे आकडे घातलेस, जसं काही मी आकड्यांना घाबरेन. कागदात ज्या सो नावाच्या विधवेचं घर लिहिलंय ते आपलंच का? तिच्या वळचणीची फळं चोरली म्हणून मेजर प्योने स्वतःच्याच शिपायाला गोळी घातली हे खरं का? आणि बाजाररस्त्यावरचा मेजरच्या स्मारकाचा दगड हलवायचा की ठेवायचा हे ठरवणाऱ्या समितीपुढे मी तसं सांगेन का?

मी तेव्हा लहान होते. मला काही आठवत नाही. तसंच लिहून टाक.

तुझ्या बापाच्या अंत्यविधीला मी तुला घालवून दिलं त्याचंही तू लिहिलंयस. पर्सिमनची फळबाग सांभाळायला तू आला नाहीस म्हणून आजी चिडली, असं तुला वाटतं. वाटू दे. हातात सुपाचा वाडगा घेऊन तू चुलत्यांना सांगत होतास, की प्यो घराण्याची केस मिळाली, मोठं काम आहे. मी म्हटलं, वाडगा ठेव आणि जा. तू अर्धा वाडगा तसाच ठेवून गेलास. ते सूप मी कुत्र्याला घातलं नाही, मीच प्यायले. एवढंच.

आजी

२१ जुलै

गिहो,

तुझं दुसरं पत्र हाताने लिहिलेलं होतं, म्हणून पुन्हा उत्तर देते आहे. जेवलीस का हेही विचारलंस. शिकवलं की शिकतोस.

तू लिहितोस की त्या काळात दुसरे अधिकारी गावंच्या गावं न विचारता जाळत होते आणि हा एकटा विचारत होता, लिहून घेत होता, ऐकून घेत होता. कठोर होता, पण सगळ्यांना सारखा. आपला आणि परका त्याने वेगळा धरला नाही. जो न्याय स्वतःच्या शिपायालाही सोडत नाही त्याला न्याय म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं, आजी, असं तू विचारतोस.

वाक्य चांगलं आहे. फीसुद्धा चांगलीच असेल.

आठवत नाही असं मी मागे लिहिलं ते खोटं होतं. ते घर आपलंच. वळचणही हीच, नुसता पत्रा नवीन आहे.

चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वीचा दहावा महिना. तुमच्या कॅलेंडरचा नाही, आमच्या चांद्र मोजणीतला. वर डोंगरात बंडखोर होते. त्यांना आम्ही डोंगरातली माणसं म्हणायचो, दुसरं काही म्हणायची छाती नव्हती. खाली शाळेत मेजर प्योची तुकडी उतरली होती. त्याने पहिल्याच दिवशी सगळं गाव शाळेच्या पटांगणात जमवलं आणि वाचून दाखवलं, की शिपायाने गावकऱ्याची सुई उचलली तरी गोळी आणि गावकऱ्याने खोटी जबानी दिली तरी गोळी. आवाज चढवला नाही. धान्य मोजून द्यावं तसा बोलत होता.

आमच्या वळचणीला सालं काढलेल्या पर्सिमनच्या माळा टांगल्या होत्या. अर्धवट वाळलेल्या. त्या अवस्थेत कोणी खात नाही, पोट धरतं. त्या शिपायाला ते कळलं नाही, कुठल्या तरी समुद्राकाठच्या गावचा असावा. त्याने दोन माळा ओढल्या आणि शाळेच्या भिंतीमागे बसून खाल्ल्या. तोंडाभोवती नारिंगी रस तसाच लागलेला. त्याला आमच्या दारापुढे आणला तेव्हाही लागलेला होता. पुसायला हात मोकळे नव्हते.

मेजरने आईला बोलावलं. टोपी काढून तिला वाकून नमस्कार केला. तोवर एकाही अधिकाऱ्याने माझ्या आईपुढे मान वाकवली नव्हती, जपानी असो की आपला. त्याने विचारलं, बाई, माळा तुमच्याच का, किती गेल्या. आई म्हणाली, साहेब, त्या मीच दिल्या होत्या. त्याने तिच्याकडे बघितलं. म्हणाला, "खोटी जबानी देऊ नका. एकदा ऐकलं नाही असं धरतो. माळा तुमच्या का?"

आई म्हणाली, हो.

"मग माफ करणं तुमच्या हातात नाही. हे माझ्या आणि त्याच्यामधलं आहे."

शिपायाला भिंतीपाशी नेलं. पोराने आईला हाक नाही मारली, काही नाही. नुसता ओठ चाटत होता. उरलेली सात-आठ फळं मेजरने धुवून, फडक्यात बांधून आईला परत केली आणि पोचल्याची सही मागितली. आईला लिहिता येत नव्हतं. अंगठा उठवला.

ती फळं कोणी खाल्ली नाहीत. टाकूनही देता आली नाहीत, टाकणं हा गुन्हा ठरेल की काय कोण जाणे. तशीच टांगून ठेवली, काळी पडली.

तेव्हा लिहून टाक, हे खरं आहे म्हणून. सही करते. पण अजून पाठवू नकोस. मला विचार करायचाय.

आजी

८ सप्टेंबर

गिहो,

कागदांचा गठ्ठा पोचला. मेजरचा हुकूम आणि गावाची यादी, दोन्हीच्या नकला. 'तू स्वतः वाच म्हणजे तुझी खात्री पटेल' असं तू वर चिठ्ठीवर लिहिलंस. खात्री पटवायला मी काही तुझी न्यायाधीश नाही. पण वाचते. एका दिवसाला चार ओळी होतात, जुनी अक्षरं फार आहेत. चिनी अक्षरं आली की पोरीला फक्त तेवढंच दाखवते, बाकी हाताने झाकून. ती हसते, म्हणते, आजी, कोणाचं प्रेमपत्र आहे का? मी म्हणते, हो.

मधल्या काळात पिल्नामशी भांडण झालं. तिला कुठून तरी कळलं की तू दगड वाचवतो आहेस. संध्याकाळी टरबूज घेऊन आली. ती टरबूज घेऊन आली की समजायचं, काहीतरी हवंय. म्हणाली, "तुझा नातू चांगलं काम करतोय. दगड राहू दे. माझा भाऊ त्या माणसामुळे वाचला." ती दरवर्षी त्या दगडापुढे दारूचा पेला ओतते हे मला माहीत आहे. मी दुसऱ्या रस्त्याने जाते.

मी म्हटलं, तुझा भाऊ तुझ्या आईच्या तोंडामुळे वाचला. मेजरमुळे नाही.

ती टरबुजाच्या बिया ताटलीत सारत म्हणाली, "बुनी, तुझा गेला म्हणून माझा वाचायला नको होता का?"

याला काय उत्तर आहे, वकील साहेब? मी टरबूज खाल्लं. गोड होतं.

म्हणजे आता तुला सांगायलाच हवं. मला एक भाऊ होता. तू लहानपणी विचारायचास, की दहाव्या महिन्यात तिथीला आजी कोणासाठी पान ठेवते. मी सांगायचे, लढाईच्या दिवसांत गेलेला एक नातेवाईक. तो माझा सख्खा भाऊ, मानबोक दादा. वडील जपानच्या खाणीतून परत आलेच नाहीत, त्यामुळे घरात आई, दादा आणि मी एवढीच. तुझ्या बापालाही मी पुरतं सांगितलं नव्हतं. ज्या घरातला माणूस तसा गेला त्या घरावर 'लाल', म्हणजे बंडखोरांचं घर, असा शिक्का बसायचा. मग सरकारी नोकरी नाही, बढती नाही. तुझा बाप रेल्वेत लागला तो मी गप्प बसले म्हणून. तू वकील झालास तोही त्याच पैशावर. त्यामुळे तुला माहीत नव्हतं यात तुझा दोष नाही. अंत्यविधीला घालवून दिलं तेव्हाही नव्हता. पण मला तेव्हा माणूस नको होतं, रिकामी खोली हवी होती.

शिपायाला गोळी घातली त्यानंतर आठवड्याभराने एका संध्याकाळी डोंगरातली माणसं खाली उतरली. बंदुका दाखवून सतरा जणांच्या पाठीवर तांदूळ चढवला आणि वर नेलं. बाप्ये, म्हातारे, पोरं, हाताला लागेल तो. दादाही त्यात. सकाळी सतराच्या सतरा जण परत आले. घरं इथेच होती, जाणार कुठे?

मेजरने त्यांना शाळेत बसवलं. हुकूम आधीच वाचून झालेला होता : शत्रूचा माल वाहणारा, वय पूर्ण पंधरा किंवा वर, त्याला गोळी. पंधराच्या आतला, सोडून द्या. वय कुठून काढायचं? तालुक्याच्या कचेरीतली जन्माची वही डोंगरातल्या माणसांनी जाळली होती. मग राहिली ती त्याच्या कारकुनाने तुकडी आली त्या आठवड्यात घरोघर फिरून केलेली यादी.

सहा सुटले. पिल्नामचा भाऊ यादीत चौदा होता. खरा सोळा. तिची आई कोणालाही कसलाही आकडा सांगायची तर दोन कमी करूनच सांगायची, कोंबड्यांचासुद्धा. अकरा गेले.

दादा यादीत पंधरा होता.

तो जन्मला बाराव्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला. जन्मला तेव्हा एक, दोन दिवसांनी नवं वर्ष लागलं की दोन. अजून डोळे उघडले नव्हते आणि दोन वर्षांचा. आपल्या मोजणीने पंधरा, मेजरच्या पूर्ण मोजणीने तेरा. ती मोजणी त्याने जपान्यांच्या लष्करी शाळेत शिकलेली, गावात कोणाला ठाऊक नव्हती. आता कळलं टीव्ही का बंद केला?

हा न्याय सगळ्यांना सारखा होता, हे मी कबूल करते. पहाटेचं जाळणारं हिमही सगळ्या पिकांवर सारखंच पडतं. त्याचा दगड कोणी उभारत नाही.

थकले. हात दुखतो.

आजी

१७ ऑक्टोबर

गिहो,

कलम चार वाचलं.

तीन वेळा वाचलं. मग पोरीला वाचायला दिलं, या वेळी काही झाकलं नाही.

मला एवढंच सांग. ते हुकमात तेव्हाच होतं का? नंतर कोणी मागून घातलेलं नाही ना? खाली तारीख आहे ती खरी आहे का? नीट बघ. वकिलासारखा बघ, नातवासारखा नको.

आजी

२७ नोव्हेंबर

गिहो,

तुझं उत्तर आलं त्याला महिना झाला. तारीख खरी आहे, कलम पहिल्यापासून होतं, असं तू लिहिलंस. खाली लिहिलंस, 'आजी, तू का विचारतेस?' त्या एका ओळीत शिक्का नव्हता, आकडा नव्हता. म्हणून सांगते.

उत्तर द्यायला उशीर झाला कारण पर्सिमन उतरवायचे होते. यंदा माणूस मिळाला नाही, मी आणि पिल्नामने मिळून उतरवले. ती खालून शिव्या घालत होती, मी आकडीने ओढत होते. शहाऐंशी आणि शहाऐंशी. कालच शेवटची माळ टांगली.

कलम चार मी पाठ केलंय. 'पूर्ण पंधरा वर्षांखालील व्यक्तीने दिलेली माहिती ग्राह्य धरू नये. अशी नोंद आढळल्यास रद्द करावी.' तू त्याच्याखाली लाल रेघ मारून पाठवलंस, हा माणूस किती बारीक विचार करायचा ते मला दिसावं म्हणून.

दिसलं.

कारकून आमच्या दारात आला त्या दिवशी आई ओढ्यावर लोणच्याचा कोबी धूत होती. दादा लाकडं आणायला गेलेला. मी अशीच पर्सिमन ओवत होते. कारकुनाकडे शाईचं पेन होतं, खिशाला लावायचं. तसं पेन मी पहिल्यांदा पाहिलं. कागदावर टेकवलं की आपोआप निळं यायचं. त्याने विचारलं, घरात कोण कोण. मी सांगत गेले आणि तो लिहीत गेला, मी बोलले की निळं, बोलले की निळं. आईचं सांगितलं. माझं सांगितलं, तेरा. दादाचं विचारलं. मी म्हटलं, "दादा पंधराचा आहे. पंधरा म्हणजे मोठाच. एकटा पोतं उचलतो."

पोत्याचं त्याने लिहिलं नाही. वय लिहिलं. तुझ्या कागदावर सातवी ओळ बघ. सो मानबोक, पंधरा. पुढे 'माहिती देणारा' या रकान्यात काय आहे? 'घरातील व्यक्ती'. ती मी. पूर्ण बारा वर्षांची.

सतरा जणांना शाळेत बसवलं तेव्हा आई मेजरकडे गेली. मी तिच्या घागऱ्याला धरून होते. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. तू म्हणतोस तसंच, ऐकून घेतलं. आईने सगळं सांगितलं, बारावा महिना, अठ्ठावीस तारीख, त्या दिवशी बर्फ किती होतं, सुईण कोण होती. सुईण मेलेली होती. त्याने कारकुनाला बोलावलं, यादी मागवली, सातव्या ओळीवर बोट ठेवलं. आईला विचारलं, "हे वय तुमच्या घरातून कोणी सांगितलं?"

आईने माझ्याकडे बघितलं नाही. खोट्या जबानीला गोळी, हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. आठवड्यापूर्वी दोन माळांपायी काय झालं ते आमच्याच दारात पाहिलं होतं. तिला वाटलं, हा माणूस पोरीलाही सोडणार नाही, सगळ्यांना सारखा आहे.

ती म्हणाली, "मी सांगितलं."

मेजरने कारकुनाला विचारलं, खरं का? कारकुनाने माझ्याकडे बघितलं. तो दारात माझ्याच समोर उभा होता, त्याला ठाऊक होतं कोणी सांगितलं ते. कलम चारही ठाऊक असणार, त्यानेच तर हुकूम लिहून काढला असेल. पण पोरीच्या तोंडचं लिहून घेतलं असं कबूल केलं तर त्यानेच हुकूम मोडला असं ठरत होतं. तोंडाला रस लागलेला शिपाई त्यानेही पाहिला होता. तो म्हणाला, "होय साहेब. बाईंनीच सांगितलं."

मेजर म्हणाला, "बाई, मोठ्या माणसाने स्वतः सांगितलेलं मी बदलू शकत नाही. तुमच्यासाठी बदललं तर बाकीच्या दहांसाठी का नाही?" त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं. खरंच सांगते, दिसत होतं. मग त्याने सही केली.

मी तिथे उभी होते. तोंड उघडलं असतं तर? मला कलम माहीत नव्हतं. आईला माहीत नव्हतं. त्याने ते पटांगणात वाचून दाखवलं नव्हतं, गोळीचं तेवढं वाचलं होतं. गोळ्या सगळ्यांना पाठ, सुटका एका कारकुनाला माहीत. मी चौऱ्याहत्तर वर्षं एवढंच समजत होते, की मी खरं सांगितलं म्हणून दादा गेला आणि पिल्नामच्या आईने खोटं सांगितलं म्हणून तिचा राहिला. आता तुझ्या लाल रेघेमुळे कळलं, की आणखी एकदा खरं सांगितलं असतं तर तो घरी आला असता.

तू विचारलं होतंस, याला न्याय म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं. मी फार शिकलेली नाही, पण याचा विचार मी महिनाभर शिडीवर उभी राहून केला. त्या माणसाच्या न्यायात दादासाठी दार होतं. त्याने ते स्वतःच्या हाताने करून ठेवलं होतं. पण त्या दारापुढे त्याने आधी त्या शिपायाला उभं करून मारलं. मग त्या बाजूला जाईल कोण? आई खोटं बोलली, कारकून खोटं बोलला, मी गप्प. तिघांनाही तो सारखाच होता म्हणून. दोन माळांसाठी तो शिपाई मेला नसता तर कारकुनाचं तोंड उघडलं असतं. तू ज्याला त्याचा न्याय म्हणून समितीपुढे ठेवणार आहेस, त्यानेच माझा दादा मारला. तो शिपाई आणि दादा, एकाच माळेतले दोघे.

आई नंतर अडतीस वर्षं जगली. याबद्दल एक शब्द बोलली नाही, माझ्याकडे तशा नजरेने कधी बघितलंही नाही. फक्त कोणी घरातल्या कोणाचं वय विचारलं की म्हणायची, त्यालाच विचारा. तू पहिलीत होतास तेव्हा बाईंनी तुझं वय विचारलं आणि मी म्हटलं, त्यालाच विचारा. तू घरभर सांगत फिरलास, की आजीला माझं वय माहीत नाही. माहीत होतं.

तो कारकून नंतर तालुक्याच्या कचेरीत लागला. तुझा बाप जन्मला तेव्हा नोंद करायला मी गेले. मान वर करून त्याने विचारलं, मुलाचं वय? आणि मला ओळखलं. पेन खाली ठेवलं. मागे रांग ओरडायला लागली. मग म्हणाला, "बाई, वय नको. जन्मतारीख सांगा." मी सांगितली. त्याने लिहिली. त्याला मी काय बोलणार होते, तो आणि मी एकाच भिंतीला टेकून गप्प बसलेलो.

आता कामाचं.

सोबत दोन कागद आहेत. पहिल्यावर तुला हवी ती साक्ष आहे. मेजरने आमच्या दोन माळांसाठी स्वतःच्या शिपायाला गोळी घातली, उरलेली फळं परत केली, आईला वाकून नमस्कार केला. सगळं खरं. सही केली आहे, अंगठाही उठवलाय.

दुसऱ्यावर अर्ज आहे. तुझ्या भाषेत नीट करून घे, पण अर्थ बदलू नकोस. यादीच्या सातव्या ओळीतली नोंद पूर्ण बारा वर्षांच्या मुलीने दिलेली होती. ती मुलगी मी, सो बुनी, अजून जिवंत आहे आणि शपथेवर सांगते. कलम चारप्रमाणे ती नोंद रद्द करावी. मानबोकचं वय तेरा असं लिहावं आणि पंधराच्या आतला म्हणून त्याला सोडून द्यावं.

हसू नकोस. 'सोडून द्यावं' असंच लिही. हुकमात तोच शब्द आहे.

दोन्ही कागद एकत्र द्यायचे. पहिला दिलास आणि दुसरा खिशात ठेवलास तर पहिला खोटा धरला जावा, असं मी खाली लिहिलं आहे, ते पोरीकडून तपासून घेतलंय, त्यात चूक नाही. प्यो घराण्याला विचार. त्यांचा आजोबा न्यायी होता असं त्यांचं म्हणणं असेल तर त्याच्याच कलमाला त्यांची हरकत असायचं कारण नाही. हरकत घेतली तर दगड कशासाठी उभा आहे ते सगळ्यांना कळेल. नाही घेतली तर राहू दे दगड, पिल्नामला दारू ओतायला जागा हवी.

त्यांची केस सोड असं मी म्हणणार नाही. तू त्याचा बचाव करतोस ना, मग पुरा कर. अर्धा वाडगा ठेवून जायची सवय बरी नाही.

दादाची तिथी, आमच्या दहाव्या महिन्यातली चोविसावी, यंदा सहा डिसेंबरला येते. पान मी दरवर्षी पंधराच्या बाप्याचं वाढत आले, पेला भरून. यंदा दारू ठेवणार नाही. तेरा वर्षांच्या पोराला काय आवडेल ते तुला सुचत असेल तर येताना आण. मला आठवत नाही.

आजी
(सो बुनी. वय मीच सांगते : शहाऐंशी पूर्ण.)